सी मध्ये टू-डी अ‍ॅरेला डबल पॉइंटरच लागतो का?

सी भाषेत रो आणि कॉलमची संख्या युजरकडून घेऊन टू-डी अ‍ॅरे (रो-कॉलमची चौकट) करायला डबल पॉइंटर (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, आणि हा पॉइंटरचा पॉइंटर) हाच एक मार्ग का, असं विचारलंय. नाही. अजिबात नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मॅट्रिक्स गुणाकाराच्या प्रॅक्टिकलला मी एकच मॅलॉक (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) केला होता. रो गुणिले कॉलम एवढी सलग जागा, आणि आय नंबरच्या रोमधला जे नंबरचा घटक काढायला आय गुणिले कॉलमची संख्या अधिक जे. आउटपुट बरोबर आलं. एक्स्टर्नल परीक्षक म्हणाले, "हा वन-डी आहे. डबल पॉइंटर कुठंय?" मी म्हटलं, "सर, साधा टू-डी अ‍ॅरेही मेमरीत सलगच असतो ना." त्यांनी जर्नल बंद केलं आणि पुढचा रोल नंबर पुकारला. मार्कांचं सोडा, पण सगळ्या बॅचसमोर मला चूक ठरवलं ते अजून खुपतं.

पुढे नोकरीत एका सहकाऱ्याने ग्रेस्केल इमेज डबल पॉइंटरमध्ये घेतली. दर रोला वेगळा मॅलॉक, आणि पहिल्या रोपासून सगळं एकाच एफराइटने (फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन) फाइलमध्ये. इमेज उघडली तर विजेचा सरळ खांब तिरका! रो १००० बाइटची होती, एका पिक्सेलला एक बाइट. आमच्या ६४ बिट लिनक्सवर मॅलॉक दर तुकड्यामागे ८ बाइट स्वतःच्या हिशेबाला ठेवत होता, म्हणून प्रत्येक रो आधीच्या रोपेक्षा ८ पिक्सेल उजवीकडे गेली. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही. दोन दिवस गेले शोधण्यात. सलग जागा असती तर हे झालंच नसतं. ती इमेज त्या सरांपुढे ठेवायची होती मला.

घटक लिहायला दोन चौकटी कंसच हवे असतील तर सी ९९ (भाषेचं १९९९ चं स्टँडर्ड) पासून सोय आहे. कॉलमची संख्या व्हेरिएबल ठेवून तेवढ्या घटकांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर घ्या आणि मॅलॉक एकदाच करा. जागा परत करणारा फ्रीही एकच. अ‍ॅरे थेट स्टॅकवर (फंक्शनच्या लोकल व्हेरिएबल्सची मर्यादित जागा) मात्र घेऊ नका: १२०० बाय १२०० डबल (८ बाइटचे दशांश आकडे) म्हणजे सुमारे ११ एमबी, आणि लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबीचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर ही सोय नाही, तिथे वरची आय गुणिले कॉलमचीच पद्धत.

हां, प्रत्येक रोची लांबी वेगळी असेल, जसं फाइलमधल्या ओळी वाचताना, तर डबल पॉइंटरच बरोबर. मॅट्रिक्सला नाही.