रंगाचा डबा उघडण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात आल्यावर नोकरीच्या रांगेत उभं राहायचं सोडून वाफेची इंजिनं आणि जुने डबे दुरुस्त करायला शिकायचं तुझ्या मनात आलंय, याचा मला फार आनंद झाला. या कामाला तरुण हात मिळत नाहीत आणि जाणते हात एकेक करून थकत चाललेत.

तू विचारलंस, गंज काढायला कोणतं मशीन घेऊ आणि रंग कोणत्या कंपनीचा वापरू. दोन्हींची उत्तरं देईन, पण आज नाही. आज एवढंच सांगतो की जुन्या इंजिनाला हात लावण्याआधी ते वाचायला शीक. त्याच्या अंगावर काय काय लिहिलेलं आहे हे ठाऊक नसताना जो माणूस ग्राइंडर चालवतो, तो दुरुस्ती करत नसतो, पुरावा पुसत असतो.

सुरुवात घराजवळ कर. आपल्या नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेजचं, म्हणजे छोट्या लाईनचं, रेल्वे संग्रहालय आहे, 14 डिसेंबर 2002 ला सुरू झालेलं. तिथं सहलीला आल्यासारखी फिरू नकोस. एका इंजिनापाशी थांब आणि फक्त आकडे शोध. कनेक्टिंग रॉड, साइड रॉड, व्हॉल्व्ह गिअरचे दांडे, अॅक्सलबॉक्स, अशा भागांवर इंजिनाचा नंबर ठोकलेला असायचा. एकाच कारखान्यात एकाच वर्गाची इंजिनं दुरुस्तीला यायची, तेव्हा याचा रॉड त्याला आणि त्याचा याला बसवणं रोजचंच होतं. म्हणून पितळी पाटीवर एक नंबर, डाव्या रॉडवर दुसरा आणि उजव्यावर तिसरा, असं एकाच इंजिनावर दिसू शकतं. त्याला दोष समजू नकोस. तो त्या इंजिनाच्या आयुष्याचा जमाखर्च आहे आणि तो कुठल्याही फायलीत सापडणार नाही. ठोकलेले आकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतात. सँडब्लास्टिंगचा, म्हणजे वाळूच्या माऱ्याचा, एक जोरदार झोत किंवा इनॅमलचे तीन जाड हात, एवढ्यात ते जातात.

एका ठिकाणी मी असं इंजिन पाहिलं. जागेचं नाव सांगत नाही. चौथऱ्यावर चढवताना रॉडसुद्धा चंदेरी रंगवले होते, तेलाची भोकं पुट्टीने बुजवली होती आणि कारखान्याच्या पाटीवरची अक्षरं लाल रंगात बुडाली होती. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. माझ्या पोटात तुटलं. मूळ रंग होता तसा ठेवून नुसतं तेलाचं बोट फिरवलं असतं, तरी ते इंजिन अधिक काळ टिकलं असतं.

दुसरी गोष्ट, काम हाती घेताना ठरवायची. हे इंजिन चालवायचं आहे की उभं ठेवायचं आहे? हा प्रश्न सोडवल्याशिवाय एक नटही सैल करू नकोस. चालवायचं म्हटलं की बॉयलरची नळ्यान् नळी बदलावी लागू शकते, भट्टीचा पत्रा कापावा लागू शकतो, म्हणजे मूळ धातू जाणार. फेअरी क्वीनचं उदाहरण घे. 1855 साली लीड्समध्ये घडलेलं इंजिन, 1997 मध्ये पुन्हा रुळांवर धावलं, आणि पुढे भाग चोरीला गेल्यावर चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात त्याची नव्यानं डागडुजी करावी लागली. ते धावलं याचा मला अभिमान आहे. पण प्रत्येक इंजिनानं धावलंच पाहिजे असं मला वाटत नाही. एखाद्या वर्गाचं शेवटचं एकच इंजिन उरलं असेल आणि त्याची मूळ भट्टी शाबूत असेल, तर ते उभं राहू दे. धावायला दुसरं शोधू.

आता बॉयलर. इथे मी लांबण लावणार आहे आणि तू ती शांतपणे वाचायची आहेस. आपल्या ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी इंजिनांचा दाब दर चौरस इंचाला 210 पौंड होता. या दाबाला पाणी साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं आणि तरी पाणीच असतं. पत्रा फाटला तर त्यातलं बरंचसं पाणी क्षणात वाफ होतं आणि मोकळ्या हवेत ती वाफ पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. म्हणूनच बॉयलरची पहिली परीक्षा थंड पाण्यानं घेतात, कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाबावर. थंड पाणी दबत नाही, त्यामुळे कुठे फुटलंच तर पाणी गळतं, माणूस मरत नाही. कुणी तुला म्हणालं की टेस्ट करायला वेळ नाही, थोडी वाफ करून बघू, तर तिथून निघून ये. त्या माणसाचं वय आणि हुद्दा बघू नकोस.

भट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला शेकडो स्टे धरून ठेवतात. स्टे म्हणजे बोटाएवढे जाड दांडे, दोन पत्र्यांच्या मधल्या पाण्यातून गेलेले. स्टे तुटला तरी बाहेरून काही दिसत नाही. जुन्या फिटरांनी यावर दोन उपाय ठेवले होते. एक म्हणजे स्टेच्या बाहेरच्या टोकाला पाडलेलं बारीक भोक. स्टे तिथे तुटला की भोकातून पाणी पाझरतं आणि क्षारांची पांढरी रेघ उमटते. दुसरा हातोडीचा. एका माणसानं आतून जड हातोडा स्टेच्या टोकाला टेकवायचा, दुसऱ्यानं बाहेरून हलक्या हातोडीनं टकटक करायची. धड स्टे खणखणतो, तुटका ठणठणीत बोलत नाही, आवाज बसका येतो. आज अल्ट्रासॉनिक यंत्रानं पत्र्याची जाडी मोजता येते आणि ती मोजच, पण कान तयार केल्याशिवाय यंत्रावर भरवसा टाकू नकोस. यंत्र तू जिथे टेकवशील तिथलंच सांगतं.

भट्टीच्या छतात शिशाचा प्लग असतो. पाणी छताच्या खाली गेलं की शिसं 327 अंशांला वितळतं आणि वाफ आगीवर सुटते. ड्रायव्हरला मिळणारा तो शेवटचा इशारा. म्हणून पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा, त्यांचे कॉक आणि हा प्लग या तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय भट्टीत काडी लावू द्यायची नाही. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचं पाणी जड. क्षारांचा थर साचला की पत्रा पाण्यापासून तुटतो आणि तापत जातो. वॉशआउटचे, म्हणजे बॉयलर धुण्यासाठीचे, प्लग उघडून आत दिवा धर, थर किती ते पाहा आणि नमुना डबीत ठेव.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड होते. टेंडरमधलं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातलं, पाणी तापलं की बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर ते उचलत नाही. भट्टी सांभाळणारे जुने फायरमन इंजेक्टरवर थंड पाण्याची बादली ओतायचे आणि तो चालू व्हायचा. मे महिन्यातल्या नागपुरात हे ऐकलेलं असणं बरं.

उभ्या इंजिनाचे शत्रू वेगळे. स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या कप्प्यात, राख राहिली आणि पावसाचं पाणी धुराड्यातून आत गेलं की राखेतला गंधक पाण्याशी मिळून आम्ल तयार करतो आणि पत्रा आतून खातो. म्हणून पहिल्याच दिवशी राख काढायची आणि धुराड्याला झाकण द्यायचं, रंग त्यानंतर कितीही दिवसांनी. जुन्या बॉयलरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. संशय आला तरी स्वतः सोलू नकोस, ते काम जाणत्या माणसाकडून आणि पूर्ण साधनांनिशी करवून घे. जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासायचा नाही, पाणी लावून घासायचा आणि तोंडावर चांगला मास्क.

डब्यांबद्दल तू फार थोडं विचारलंस, पण मला डबे अधिक प्रिय आहेत. नागपूरहून छिंदवाड्याची छोटी लाईन 2015 च्या अखेरीस बंद झाली, नागभीडची 2019 मध्ये. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी आपल्या मुलांना आता फोटोतच दिसणार. लाकडी सांगाड्याचा डबा हाती आला, तर त्याची बाजू एकदम खरवडू नकोस. कुठेतरी आडोशाला, दाराच्या वरच्या पट्टीवर वगैरे, नखाएवढी जागा वॉटर पेपरनं ओली घासत जा, आधी जाड दाण्याचा, मग बारीक. रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे एकाबाहेर एक दिसू लागतील. सर्वांत आतलं वलय डब्याचा पहिला रंग. फोटो काढ, बाजूला मोजपट्टी ठेव आणि ती जागा रंगवू नकोस, पुढच्या माणसाला पुन्हा पाहता यावी.

कुजतं ते बहुतेक खालच्या पट्टीत, जिथे खिडकीतलं पाणी उतरून साचतं. पट्टी पूर्ण फेकू नकोस. कुजका तेवढाच भाग तिरका कापून सागवानाचा तुकडा जोड. सागवानासाठी आपल्याला लांब जायला नको, आलापल्ली आपल्याच विदर्भात आहे. नव्या तुकड्याच्या मागच्या बाजूला वर्ष कोर, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी जुनं आणि नवं यांत गोंधळणार नाही. लाकडाला जवसाचं तेल पाज. पण तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर आपल्या उन्हाळ्यात त्या आपोआप पेटतात. काम संपलं की त्या पाण्याच्या बादलीत जायला हव्यात.

माणसांकडे लवकर जा. देशात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी 1995 च्या डिसेंबरात थांबली. तेव्हाचे फायरमन आता निवृत्त झालेत आणि फिटर त्यांच्याहून म्हातारे. त्यांना आठवणी विचारशील तर सगळे एकच किस्से सांगतील. त्याऐवजी हातात एखादा भाग घेऊन जा. इंजेक्टरमधला शंकूसारखा भाग समोर ठेवलास की तोंडातून काय बाहेर पडतं ते पाहा. हात आपोआप हलू लागतात, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं ते तेव्हा.

शिक्षणाचं म्हणशील तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाची बॉयलर अटेंडंटची परीक्षा दे. इंजिन मिळायला वेळ लागेल, तोवर भंडारा-गोंदियाकडच्या उसना, म्हणजे उकड्या, तांदळाच्या गिरण्यांत बॉयलर चालतात, तिथे काचेतलं पाणी आणि भट्टीतली आग यांचं नातं रोज बघायला मिळेल. घरच्यांना गिरणी ऐकून वाईट वाटेल, त्यांच्याशी मी बोलतो.

पुढच्या रविवारी सकाळी लवकर ये, ऊन चढण्याआधी. सुती कपडे घाल, नायलॉनचं काही नको, आणि अंगठी घरी ठेव. एक जाड वही, लिहायला शाईचं पेन नको, शिसपेन्सिल, टॉर्च आणि छोटी मोजपट्टी घे. भागांना बांधायला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नंबर ठोकायचे ठसे मी आणतो, कागदी लेबलं तेलात भिजून खराब होतात. पहिले काही आठवडे तू फक्त लिहायचं आहेस. पाना नंतर देईन.

तुझा,
काका