शहाण्या माणसाला थोडक्यात सल्ला देण्याची गरज असते का?

असते. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ ही म्हण त्याला सल्ला नको असे म्हणत नाही. एक शब्द पुरतो, एवढेच ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियागृहासाठी १९ मुद्द्यांची यादी आणली, ती निष्णात शल्यविशारदांच्या हातीच दिली: रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा बरोबर आहे ना, शेवटी सुया आणि बोळे मोजून जुळले का. (यातले नवे त्यांना काय होते?) तरीही दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यादी वाचायला जेमतेम दोन मिनिटे लागतात. तीच पानभर उपदेशासारखी लिहिली असती, तर ती कोणी हातात धरली नसती.