बरं वाटलं की अख्खं घर काढता ना, तिथेच घोटाळा आहे

'ताई, माझं वय ५४. सहा वर्षं संधिवात आहे, बोटं आणि गुडघे जास्त धरतात. एखाद्या दिवशी बरं वाटलं की मी सगळं घर झाडून-पुसून काढते आणि मग दोन दिवस पडून राहते. मिस्टर म्हणतात, "कशाला करतेस?" पण पसारा मला बघवत नाही, कुणी आलं की लाज वाटते. काय करू?'

तुमचा शत्रू तो बरा दिवसच आहे. दुखतं तेव्हा तुम्ही आपोआप थांबता. बऱ्या दिवशी आठवड्याचं साचलेलं एकदम अंगावर घेता. तेव्हा 'दुखायला लागलं की थांबेन' हा हिशेब सोडा. घड्याळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी उठून बसा, फरशी अर्धी राहिली तरी. हे तुम्हाला फार जड जाणार आहे, पत्रावरूनच कळतंय! आणि वाढलेलं दुखणं दोन तासांनंतरही ओसरलं नाही, तर त्या दिवशी जास्त झालं असं समजून पुढच्या वेळी कमी करा.

सकाळी उठल्या उठल्या केर काढू नका. आखडलेली बोटं आधी कोमट पाण्यात हलवून मोकळी होऊ द्या.

सगळ्यात वाईट काम म्हणजे फडका पिळणं. पिळताना बोटांवर करंगळीच्या बाजूने ताण येतो, आणि आमवातात (संधिवाताचाच एक प्रकार, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) बोटं बऱ्याचदा त्याच बाजूला कलत जातात. म्हणून फडका सिंकमध्ये ठेवून उघड्या तळव्याने दाबा, पाणी निथळू द्या. थोडा ओलसर राहिला तर राहू दे. ब्रशच्या बारीक दांड्यावर फोमची नळी चढवा, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. बादली नळाखाली भरून उचलू नका. जागेवर ठेवून मगने अर्धीच भरा. उकिडवं बसून पुसणं मात्र कायमचं बंद. 'हाताने पुसल्याशिवाय फरशी निघत नाही' हे आपल्या डोक्यातलं खूळ आहे. लांब दांड्याच्या मॉपने ती छान निघते.

आता मिस्टर. 'कशाला करतेस' म्हणणं ही काळजी असेल, मदत नव्हे. कारण तुम्ही नाही केलं तर करणार कोण, याचं उत्तर त्यात नाही. त्यांना मोघम 'जरा हातभार लावा' म्हणू नका, कामाचं नाव घेऊन सांगा. बाथरूम घासणं, चादरी पिळणं, जळमटं काढणं, जड सामान सरकवणं ही कामं त्यांची. तुम्ही बसून होणारी घ्या: कपड्यांच्या घड्या, कपाट आवरणं, धूळ पुसणं. आणि त्यांनी घासलेलं बाथरूम मागून जाऊन पुन्हा घासायचं नाही. तसं केलंत तर दुसऱ्या आठवड्यात ते काम परत तुमच्याच गळ्यात पडेल.

पाहुण्यांसाठी बसायची खोली तेवढी नीट ठेवा. बाकीच्या खोल्यांना दारं असतात.

संधिवात नेमका कुठला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. सकाळचं आखडणं तासाभराहून जास्त टिकत असेल किंवा सांधा सुजून गरम लागत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. त्या दिवसांत घरकामाला हात लावू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टची भेट मिळते का, तेही विचारा. सांधे राखून कामं कशी करायची, हे ते तुमचे हात बघून शिकवतात. जाताना मिस्टरांनाही न्या. तुम्ही सांगितलेलं कानावरून जातं, तेच डॉक्टरांनी सांगितलं की पटतं!