शेजारच्या काकूंची मांजर आमच्या कुत्र्याने मारली. त्यांना सांगावं का?

हो, सांगा. आजच सांगा, आणि स्वतः जाऊन सांगा.

तुम्ही लिहिलंय की पहाटे तुमचा जर्मन शेफर्ड अंगणात मोकळा होता, शेजारच्या काकूंची मांजर कंपाउंडवरून आत आली आणि तुम्ही धावत बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. कुणी पाहिलं नाही. भावाने तिला पोत्यात घालून मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पुरलं. आता काकू ‘मांजर हरवली आहे’ अशा चिठ्ठ्या लावत फिरतायत, आणि घरचे तुम्हाला सांगतायत की झाकली मूठ सव्वा लाखाची, उगाच वैर कशाला ओढवून घेतोस.

मी पशुवैद्यक आहे. तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे, आणि असल्या घटना माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतात. ज्यांचं जनावर गेलं ते येतात, ज्यांच्या कुत्र्याने मारलं तेही येतात. घरच्यांच्या सल्ल्यामागची काळजी मला समजते. पण वैर येईल की नाही एवढाच हिशेब त्यांनी मांडलाय, आणि काकूंच्या घरात सध्या काय चाललंय ते त्या हिशेबात धरलेलंच नाही.

मांजर मेली की माणूस रडतं, चार दिवस जेवण जात नाही, मग हळूहळू सावरतं. मांजर हरवली की यातलं काहीच होत नाही. दुधाची वाटी रोज विसळून भरून ठेवली जाते. रात्री खिडकीची एक काच उघडी राहते, डास आले तरी चालतात. लांब कुठे मांजर ओरडली की उठून गॅलरीत यायचं, रस्त्यात त्याच रंगाची दिसली की हाक मारून बघायची. माझ्याकडे एक आजी यायच्या. त्यांची मांजर दिसेनाशी होऊन कितीतरी महिने झाले होते. एक दिवस त्या भाजीच्या पिशवीत एक करडी मांजर घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, ही आमचीच ना? जरा बघा.” त्यांच्या मांजरीचं ऑपरेशन मीच केलं होतं, म्हणून टाक्यांची खूण शोधायला त्यांनी ती माझ्याकडे आणली होती. मी पिशवीतून काढून टेबलावर घेतलं तर तो बोका होता. आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, परत पिशवीत घातला आणि म्हणाल्या, “असू दे. जिथून आणला तिथे सोडते.” त्यांची मांजर कुठे पुरली आहे हे शेजारच्या घरातल्या सगळ्यांना तेव्हाही माहीत होतं, त्यांच्या दहा-बारा वर्षांच्या मुलासकट. पुढे त्यानेच एकदा लस टोचायला कुत्रा आणला होता तेव्हा मला ते सांगितलं. त्या आजींचा तो सगळा शोध एका वाक्याने थांबला असता.

म्हणून मी तुम्हाला ‘मनाला बोचेल म्हणून सांगा’ असं म्हणत नाही. तुमच्या मनाचं तुम्ही बघालच. काकूंकडे जी माहिती नाही ती तुमच्याकडे आहे, आणि ती त्यांची आहे.

दुसरं, तुम्ही गप्प राहिलात तरी दोष कुणावर तरी जातोच. मांजर गायब झाली की आधी वॉचमनला विचारतात, मग गल्लीत खेळणाऱ्या पोरांवर संशय येतो आणि शेवटी गाडी येते ती रस्त्यावरच्या कुत्र्यांवर. सध्याच्या वातावरणात हे साधं राहिलेलं नाही. दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवारा केंद्रांत ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिला. मग 22 ऑगस्टला तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे त्यांच्याच भागात परत सोडावेत, रेबीज झालेले किंवा आक्रमक मात्र सोडू नयेत, असं सांगितलं. तेव्हापासून जवळपास प्रत्येक सोसायटीत कुत्र्यांवरून दोन तट पडलेत. ‘त्यांनीच काकूंची मांजर खाल्ली’ एवढं एक वाक्य उठलं की गेटवरच्या एखाद्या गरीब कुत्रीला ‘आक्रमक’ हा शिक्का बसायला वेळ लागत नाही, आणि तिला खायला घालणाऱ्या बाईला दोन शिव्या जास्त मिळतात. तुमच्या मौनाची किंमत त्यांनी का भरावी?

आता एक गोष्ट वैद्यक म्हणून विचारतो, आणि ही तुम्ही कोणताही निर्णय घेतलात तरी आजच बघायची आहे. मांजर कशी आली होती? कुत्रा दिसला की मांजर साधारणपणे उंचावर पळते. रेबीज झालेली मांजर मात्र भीत नाही, कधी स्वतःहून अंगावर येते. तुमच्याकडची बहुधा नेहमीसारखीच चुकून उतरली असेल आणि तिला परत चढायला वेळ मिळाला नसेल. पण खात्री कोण देणार? आधीचे दोन-चार दिवस ती खात होती का, कुणाला चावली-ओरबाडली का, तिची लस झाली होती का, हे फक्त काकूंना माहीत आहे. तिने शेवटी काय केलं, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय कुठल्याच घराला नीट सल्ला देता येणार नाही. त्यात मांजर पुरलेली, म्हणजे तपासणीचा रस्ताही आता जवळजवळ बंद झालाय. रेबीजची लक्षणं माणसात एकदा सुरू झाली की जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं, आणि त्याआधी लस घेतली तर रोग टाळता येतो. तुमच्या भावाने मांजर उघड्या हाताने उचलली असेल, हाताला कुठे चीर-खरचटा असेल, किंवा कुत्र्याला ओढताना तुम्हाला दात-नख लागलं असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. दिवस गेले म्हणून टाळू नका, उशिरानेही जायचंच. कुत्र्याच्या अंगावर मांजरीच्या नखांच्या खुणा आहेत का ते केस बाजूला करून बघा, नाक, ओठ आणि डोळ्यांभोवती विशेष करून. त्याची वार्षिक लस चालू असली तरी त्याला दवाखान्यात न्या, चावा किंवा ओरखडा असेल तर पुन्हा डोस द्यावे लागतात.

सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

एकटे जा, किंवा फार तर आईला सोबत घ्या. सगळं घर नेऊ नका, त्यांना घेरल्यासारखं वाटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू नका. कुत्रा बरोबर नको. मिठाई नको, आणि मांजरीचं नवं पिल्लू तर अजिबात नको. काकू एकट्या राहत असतील आणि त्यांना हृदयाचा त्रास वगैरे असेल, तर आधी त्यांच्या मुलाला किंवा मुलीला फोन करा आणि कुणीतरी जवळ असताना जा. दारात उभं राहून हवापाण्याच्या गप्पा न मारता पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका: “काकू, तुमची मांजर आता परत येणार नाही. आमच्या कुत्र्याने तिला मारलं, आणि आम्ही तुम्हाला लगेच सांगितलं नाही.” एवढं झालं की थांबा. ‘पण ती आमच्या अंगणात आली’, ‘पण कुत्र्याचा स्वभावच तो’, असली पुढची वाक्यं तोंडात येतील, ती गिळा. ती खरी असली तरी आत्ता त्यांचा काही उपयोग नाही. पुरल्याचं लपवू नका. जागा सांगा, त्यांना बघायची असेल तर घेऊन जा. तिथे त्यांना तुळस किंवा दुसरं एखादं रोप लावायचं असेल तर खड्डा तुम्ही खणा.

एक प्रश्न त्या नक्की विचारतील, सगळेच विचारतात: “तिला फार त्रास झाला का हो?” याचं उत्तर मनाने रचू नका. तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगा. माझ्याकडे आलेल्या जनावरांवरून मी हे सांगू शकतो की मोठा कुत्रा लहान जनावराला मानेला किंवा छातीला धरतो आणि जोरात झटकतो. बाहेरून दाताच्या दोन-चार खुणा दिसतात, आत मात्र फासळ्या मोडलेल्या, फुप्फुसं फाटलेली असतात. मोठ्या कुत्र्यापुढे मांजरीचा जीव बहुतेक वेळा फार लवकर जातो. तुम्ही बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं, हे तुम्ही मला लिहिलंय, तेच त्यांनाही सांगा. खरं आहे आणि त्यांना थोडा आधार देणारंही आहे.

त्या चिडतील. रडतील, दार लावून घेतील, सोसायटीच्या ग्रुपवर लिहितील. लिहू द्या, तिथे उत्तर देत बसू नका. काही लोक पुन्हा बोलू लागतात, काही कधीच बोलत नाहीत. त्या बोलतीलच असं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही, आणि त्या बोलाव्यात म्हणून सांगायचंही नाही.

पोलिसांची भीती तुम्ही लिहिली आहे. भारतीय न्याय संहितेतलं पाळीव जनावराबाबतच्या निष्काळजीपणाचं कलम 291 हे माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर दुखापत होण्याच्या धोक्याबद्दल आहे. त्यात 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कलम 325 मध्ये प्राण्याला मारल्याबद्दल 5 वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्याला हेतू किंवा जाणीव लागते, म्हणजे कुत्रा मुद्दाम अंगावर सोडणं वगैरे. तुमच्या बाबतीत प्रश्न येऊ शकतो तो नुकसानभरपाईचा. त्यांनी मांजरीवर केलेला खर्च मागितला तर घासाघीस न करता द्या. ‘कुत्रा सोसायटीतून काढा’ असा ठराव झाला तर घाबरू नका: पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. पण महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड आधी जागेवर आहे का बघा. ते नसताना हक्काची भाषा करू नका.

एक भीती मात्र मी हलकी समजत नाही. शेजारी माथेफिरू असेल, कुत्र्याला विष घालेल असं खरोखर वाटत असेल, तर सांगण्याआधी कुत्रा काही दिवस दुसरीकडे ठेवा आणि जाताना सोसायटीतलं एखादं समजूतदार माणूस सोबत न्या. काकूंबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तसं काही दिसत नाही.

आणि कुत्रा. त्याला मारू नका. तासांनी किंवा दिवसांनी मारलेल्या फटक्याचा मांजरीशी संबंध त्याला लागत नाही, तो फक्त तुम्हाला भ्यायला शिकतो. पळणाऱ्या लहान जनावरामागे धावणं, धरणं, झटकणं हे त्याच्यात जन्मतःच आहे. ज्या कुत्र्याने मांजर मारली तो पोरांनाही चावेल, असा अर्थ त्यातून काढू नका. पण एकदा मांजर मारलेला कुत्रा पुन्हा मांजर मारेल हे मात्र धरून चाला. पहाटे मोकळा सोडणं आजपासून बंद, अंगणातसुद्धा पट्टा आणि सोबत माणूस. बाहेर नेताना जाळीचं मझल घाला, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील. कापडी घट्ट पट्टी नको, उन्हाळ्यात त्यात कुत्रा तापून कोसळतो. कंपाउंडवर मांजरी ये-जा करतात ती जागा शोधा आणि तिथे जाळी मारून घ्या. काकूंकडे जाण्याआधी एवढं ठरवून ठेवलंत तर ‘पुढे काय करणार’ असं त्यांनी विचारल्यावर तुमच्याकडे उत्तर असेल. गल्लीत आणखी कुणाच्या मांजरी असतील तर त्या घरांनाही सांगा. त्यांना आपली मांजर काही दिवस आत ठेवता येईल.

चिठ्ठ्या अजून भिंतींवर असतील. त्या काकूंना विचारल्याशिवाय काढू नका. त्यांनी काढा म्हटलं तर संध्याकाळी फिरून सगळ्या काढून आणा, लिफ्टमधलीसुद्धा.