ताजा कलमातली एक ओळ

एका निवृत्त शिक्षिकेचं अडीच पानी पत्र आलं आहे. यजमान गेल्यावर, जुलै २०२१ मध्ये, त्यांनी स्वतःच्या नावावरचा फ्लॅट बक्षीसपत्राने मुलाला दिला. वर्षभरात घरातलं वारं फिरलं. बाईंची खोली नातवाच्या अभ्यासाला गेली, त्या हॉलमधल्या दिवाणावर आल्या, आणि गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, 'ताईकडे जाऊन राहा, मला फ्लॅट विकायचाय.' घर परत मिळेल का, असा त्यांचा प्रश्न आहे. नाव-गाव बदललं तर हेच पत्र मला दर पंधरवड्याला येतं.

बाई, सुनेबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय. ते मी वाचलं. वकील म्हणून त्यातलं काहीच कामाला आलं नाही. बक्षीसपत्रात काय लिहिलंय याबद्दल मात्र पत्रात एवढंच आहे: 'मुलानेच टाइप करून आणलं होतं, मी सही केली.' आयुष्यभर पोरांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडलात, आणि घर देताना दस्त वाचला नाहीत!

तर आता वाचा. मूळ दस्त मुलाकडे असेल, तो मागू नका. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. मिळकतीचं वर्णन संपलं की एक परिच्छेद येतो, बहुतेक दस्तांत थोड्याफार फरकाने सारखाच: 'सदर मिळकत नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, राजीखुशीने, विनामोबदला व बिनशर्त बक्षीस दिली असे.' यातलं 'विनामोबदला' असायलाच हवं, नाहीतर ते बक्षीस कसलं? घात करतो तो पुढचा शब्द.

कारण आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याचं कलम २३ तुम्हाला वाचवू शकतं, पण सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिलेली असेल तरच. ती अट मोडली तर हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाखाली झालं असं मानलं जातं, आणि तुमची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवतं. अट नसेल तर मुलगा कितीही वाईट वागला तरी हे कलम हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हे स्पष्टच सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र सूर थोडा मऊ आहे. तिथे मुलाने आईला सांभाळण्याचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. न्यायालयाने तो कागद आणि बक्षीसपत्र एकत्र वाचलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबाही आईला द्यायला लावला.

म्हणून तुमच्या पत्रातली एकच ओळ मी लाल शाईने अधोरेखित केली, आणि ती तुम्ही ताजा कलमात टाकली आहे! नोंदणीच्या आठ दिवस आधी मुलाने बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'फ्लॅट माझ्या नावावर झाला की आईचं शेवटपर्यंत मी बघणार, तू त्यात पडू नकोस.' हा संदेश कायद्याच्या अर्थाने 'अट' ठरेल का? छातीठोकपणे नाही सांगत. दस्तात 'बिनशर्त' असेल तर समोरचा त्यावरच बोट ठेवेल. पण तुमच्याकडे दुसरं आहे काय? नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ संदेश लेकीच्या फोनमध्ये शाबूत असलेला बरा.

दिवाणी दाव्याचं विचारलंत. दस्त रद्द करून मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. 'मुलाची बदनामी नको' म्हणत ती तुम्ही घालवलीत. मुदत कधीपासून मोजायची यावर वाद घालता येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नका. दरमहा पोटगीची वाटही फार भक्कम नाही. २००७ च्या याच कायद्यात कमाल रक्कम १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला पेन्शन मिळते, तेव्हा 'आईला गरजच काय' हे उत्तर तयारच असेल.

महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. सवलत चांगली आहे, पण तिच्या मोहाने माणसं मृत्युपत्राऐवजी बक्षीसपत्र करून मोकळी होतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि ते मरेपर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्राने मात्र घर त्याच दिवशी हातातून जातं. नोंदणीच्या टेबलावर अंगठा, फोटो सगळं तपासतात. 'आजी, सांभाळायची अट घातलीत का?' एवढं विचारायची सोय मात्र सरकारला सुचलेली नाही.

प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात कलम २३ चा अर्ज या आठवड्यातच द्या. निकाल होईपर्यंत फ्लॅट विकू नये, असा अंतरिम आदेशही त्यातच मागा आणि अर्जाची पोच घेतलेली प्रत सोसायटीला द्या. विक्री होऊन तिसरा माणूस मध्ये आला तर गुंता वाढेल, मग बैल गेला नि झोपा केला. पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साहेब कधी निवडणुकीत, कधी पंचनाम्यात, आणि तुमच्या हाती पुढची तारीख. तोवर घर सोडू नका. लेकीकडे चार दिवस जा, पण कपाट रिकामं करून नव्हे. नाहीतर 'आई स्वतःहून गेली' हे वाक्य मुलाच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, आलंच म्हणून समजा.

अर्ज दोन पानांत बसवा, सून त्यात नको. आणि हे वाचून झाल्यावर लेकीला फोन लावा. ती नवा मोबाईल घेणार आहे, असं तुम्हीच लिहिलंय. जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नकोस म्हणावं.