खवट वेगळं, कुबट वेगळं

जुलै-ऑगस्टात येणारी पत्रं मी न फोडताही सांगू शकते. डब्यातले दाणे, माळ्यावरचे फोटो, ओट्यावर राहून गेलेला भात. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "बाई, ऊन दाखवलं तर चालेल ना?" बत्तीस वर्षं गृहविज्ञानाच्या वर्गात साठवण शिकवली, पण या वाक्यापुढे मी अजून हरलेलीच आहे. मुळात श्रावणात ऊन आणायचं कुठून? तर या वेळी साचलेल्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देते.

प्रश्न : जवस अख्खे गिळले तर चालतात का? रोज किती खावेत? (नाशिक)

अख्खे जवस बरेचसे जसे गेले तसेच बाहेर पडतात. मंद आचेवर भाजा, कुटा, दिवसाला पोह्याच्या चमच्याने एक चमचा खा आणि वर पाणी प्या. कुटलेले जवस लवकर खवट होतात, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतेच कुटून फ्रीजमध्ये ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोजचा रतीब लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : सब्जा आणि चिया एकच ना? दुकानदार तसं म्हणतो. (ठाणे)

नाही. सब्जा हे आपल्या तुळशीच्या भावकीतलं बी, चिया मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. सब्जा पाण्यात पाच-दहा मिनिटांत टपोरा फुगतो, चियाला जास्त वेळ लागतो. दोन्ही भिजवूनच खायचे. कोरडा चिया तोंडात टाकून वर पाणी प्यायलेल्या एका माणसाच्या अन्ननलिकेत तो फुगून अडकला आणि दुर्बिणीने काढावा लागला, असं प्रकरण २०१४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडलं होतं. गिळायला त्रास होणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊच नका. आणि दुकानदाराला दोन्ही बिया एका वाटीत भिजवून दाखवा.

प्रश्न : आठ महिने पाळी अनियमित आहे. महिन्याचे पहिले चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, नंतरचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, असा डबा मागवला आहे. किती महिन्यांत फरक पडेल? (पुणे)

फरक डबा विकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात पडला.

या चारही बिया चांगल्या आहेत. तिळात कॅल्शियम आहे, भोपळ्याच्या बियांत जस्त आणि मॅग्नेशियम आहे. पण पंधरवड्याला बी बदललं की शरीरातली संप्रेरकं रांगेत येतात, याला भरवशाचा आधार नाही. वाण्याकडे सुटे तीळ आणि जवस घेतले तर किती पडतात आणि त्या गुलाबी डब्याला तुम्ही किती मोजले, तेवढा हिशेब एकदा मांडा. डब्यावर "डिटॉक्स" लिहिलं की तिळाचा भाव तिप्पट होतो, हे मी बाजारात बघतेच आहे.

मला राग डब्याचा नाही, आठ महिन्यांचा आहे. पाळी अनियमित होण्यामागे थायरॉईड असू शकतो, पीसीओएस असू शकतो, आणखीही कारणं असतात. ती रक्ततपासणीत आणि सोनोग्राफीत कळतात, वाटीतल्या बियांवरून कळत नाहीत. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बिया खात राहा, चटणी म्हणून.

प्रश्न : रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खातो. कडकडीत फोडणी बसली की जंतू मरतात, असं सासूबाई म्हणतात. खरं का? (सांगली)

जंतू मरतात, पण त्यांनी करून ठेवलेलं विष मरत नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू सापडतो. त्याची बीजं भात शिजला तरी टिकतात, आणि भात ओट्यावर कोमट पडून राहिला की वाढायला लागतात. त्याचं उलटी करवणारं विष कुकरच्या उष्णतेलाही दाद देत नाही, मग कढईतल्या मोहरीची काय कथा! म्हणजे प्रश्न सकाळच्या फोडणीचा नाही, रात्री भात कुठे होता त्याचा आहे. जेवणं झाली की भात पसरट भांड्यात काढा, वाफ जिरू द्या आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी खुशाल फोडणी द्या. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या, जिवावर आलं तरी. लहान मूल किंवा म्हातारं माणूस उलट्या-जुलाबांनी गळून गेलं असेल तर मीठ-साखरेचं पाणी सुरू करा आणि डॉक्टरांकडे न्या.

सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, अंक वाचायला द्या.

प्रश्न : दिवाळीला आणलेले पाच किलो शेंगदाणे आता कुबट लागतात. भाजल्यावर वास जातो. श्रावणात उपवास पुष्कळ, कूट करून संपवावं का? की घाण्यावर देऊन तेल काढून घ्यावं? (सोलापूर जिल्हा)

कूटही नको, तेलही नको. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण हाच प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि दर वेळी कुणीतरी "आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या खातात" असं वर सुनावतं.

आधी शब्द नीट वापरू. खवट आणि कुबट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाण्यातल्या तेलाला हवा लागून ते बिघडलं की दाणा खवट होतो. चव जाते, घसा खवखवतो, खाऊ नये ते नकोच. पण कुबट म्हणजे बुरशी. दाण्याला ओल लागली की त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट हिरवी बुरशी धरू शकते, आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. बुरशीच्या नावाची आद्याक्षरं जोडूनच विषाला हे नाव मिळालं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले आणि कारण कुणाला कळेना. शोध घेता घेता माग त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला.

हे परदेशातलं आणि पक्ष्यांचं म्हणून सोडून देऊ नका. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. त्याच घरातलं उष्टं खाणाऱ्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला. त्या लोकांपुढे उपाशी राहणं हा एकच पर्याय होता. तुमच्यापुढे पाच किलो दाणे टाकण्याचा पर्याय आहे.

आता भाजण्याचं. भाजल्याने ओल जाते आणि वास जातो. विष थोडं कमी होतं, संपत नाही. उलट वास गेल्यामुळे आपल्याला कळायचं बंद होतं, हे जास्त वाईट. उन्हाचंही तेच. ऊन बुरशी धरू नये म्हणून आधी दाखवायचं असतं. धरल्यावर दाखवलेलं ऊन म्हणजे वरातीमागून घोडं.

घाण्याचं तर बोलूच नका. "खराब दाणे आहेत ना, द्या घाण्यावर" ही पद्धत मी गावोगाव पाहिली आहे. रिफाइंड तेलाला लोक नाकं मुरडतात, पण ते विष शुद्धीकरणात जवळपास निघून जातं. लाकडी घाण्याच्या तेलावर तशी प्रक्रियाच होत नाही, म्हणून दाण्यात जे असेल त्यातलं काही तेलात उतरतं. घाण्याचं तेल वाईट असं मी म्हणत नाही, माझ्याही घरी येतं. पण पाटीवर "शुद्ध, पारंपरिक, आजीच्या हातचं" लिहिणाऱ्याला आत कोणते दाणे टाकतो ते विचारा. दाणे निवडून घेतो का? पोती बघू देतो का? आढेवेढे घेतले तर पुढच्या दुकानात जा. राहिलेली पेंड जनावराच्या पुढ्यात जाते आणि विषाचा अंश दुधातून परत आपल्याकडे येतो. २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. म्हणून हे दाणे गोठ्यातही देऊ नका.

एखादा कडू दाणा दाताखाली आला म्हणून घाबरायचं कारण नाही. थुंका, चूळ भरा, विसरून जा. धोका आहे तो रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा. यकृताच्या कर्करोगाशी या विषाचा संबंध पक्का ठरलेला आहे, आणि ज्यांना कावीळ ब आहे त्यांना तो धोका आणखी जास्त. घरात यकृताचा आजार असेल तर दाण्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. प्रयोगशाळेत तपासून मिळतं का, असंही तुम्ही विचारलं आहे. मिळतं, पण पाच किलो दाण्यांपेक्षा तपासणीच महाग पडेल.

यापुढे दाणे महिन्यापुरतेच आणा. पसरून निवडा: सुरकुतलेले, काळपट, फुटके, मोड आलेले बाजूला काढा. दोन-चार दाणे उकलून डाळिंब्यांच्या मधे पाहा, बुरशी तिथे लपते. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा. ओला चमचा डब्यात घालणाऱ्याला उपवास घडवा.

प्रश्न : गव्हात टोके झाले आहेत. पुडीतल्या गोळ्या ठेवू का? काही जण बोरिक पावडर सांगतात. (छत्रपती संभाजीनगर)

बोरिक पावडर खायच्या वस्तूत नको. पाऱ्याच्या टिकड्या नकोत. आणि वेष्टनावर अॅल्युमिनियम फॉस्फाईड असं लिहिलेल्या गोळ्या तर घरात आणायच्याच नाहीत. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत कोठी ठेवून माणसं दगावलेली आहेत. या गोळ्या गोदामांसाठी, परवानाधारक माणसांच्या देखरेखीखाली वापरायच्या असतात. दुकानदार सुट्या देतो म्हणून त्या घरगुती होत नाहीत. घरात आधीच असतील तर पाण्यात टाकू नका, कचऱ्यात टाकू नका. कृषी अधिकाऱ्यांना किंवा परवानाधारक कीडनियंत्रणवाल्यांना विचारा. कुणाला मळमळ, छातीत जड, दम असं काही वाटलं तर आधी घराबाहेर पडा आणि वेष्टनाचं नाव सांगून थेट रुग्णालय गाठा.

गहू चाळा, निवडा. पुढच्या वर्षी मे महिन्यातच वाळवा, पूर्ण गार होऊ द्या, मग कोठीत भरा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला हवा. लोक ओला घालतात आणि आपल्या हाताने ओल पुरवतात. तांदळाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात उत्तम. रवा, बेसन चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा.

प्रश्न : २०२१ च्या पुरात लग्नाचा अल्बम भिजला. वाळवून माळ्यावर ठेवला होता. आता पानं एकमेकांना चिकटली आहेत, वर पांढरे ठिपके आहेत. वाफ दाखवून सोडवू का? (चिपळूण)

इतकी वर्षं माळ्यावर! ओल्या फोटोंवर दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तेव्हाच स्वच्छ पाण्यातून काढून, चेहरा वर करून, सुटे सुटे सावलीत वाळवायचे होते. वेळ नव्हता तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये तरी ठेवायचे होते. पण त्या दिवसांत तुमचं घर चिखलातून बाहेर यायचं होतं, हेही मला कळतं. असो.

वाफ नको, केस वाळवायचा ड्रायर नको, ओलं फडकं तर नकोच. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे बुरशीला तेही अन्नच. ओलाव्याने तो थर पुन्हा चिकट होतो आणि ओढला की सोलून निघतो. माझ्या वडिलांचा पोस्टाच्या गणवेशातला एकुलता एक फोटो चौकटीच्या काचेला चिकटला होता. मी शहाणपणा करून ओढला. अर्धा चेहरा काचेवर राहिला. ती काच अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा आधी जे दिसतंय त्याचे, फ्लॅश न लावता, दिवसाउजेडी मोबाईलने फोटो घ्या. नाकाला मास्क लावा. अल्बम कोरड्या खोलीत आतल्या भिंतीच्या कपाटात हलवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. ठिपके पूर्ण कोरडे असतील तर खिडकीबाहेर धरून मऊ ब्रशने हलकेच झटका, घासू नका. पानं सोडवण्याचं काम मात्र फोटो आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञांचं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. तिथे विचारा, खर्चाचा अंदाज घ्या, मग कुठल्या पानांवर खर्च करायचा ते ठरवा. कोपऱ्यावरचा स्टुडिओ "नवीन करून देतो" म्हणतो तेव्हा तो संगणकावर नवा चेहरा रंगवून देतो, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या जुन्या अल्बममध्ये फोटो राहू द्यावेत का? (कोल्हापूर)

नको. गोंद पिवळा पडतो आणि फोटोत उतरतो. सहज निघतात ते काढा. अडले तर मागून दात साफ करायचा दोरा हलके सरकवून बघा. तरीही अडले तर थांबा.

प्रश्न : जुन्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो. कुठलं लोणचं सांडलं असेल? (डोंबिवली)

लोणचं नाही. फिल्मच सडायला लागली आहे. ॲसिटेटची जुनी फिल्म उष्ण, दमट जागी असा आंबट वास सोडते, आणि तो वायू शेजारच्या चांगल्या फिल्मही लवकर बिघडवतो. वासाच्या निगेटिव्ह आजच वेगळ्या करा, बंद डब्यातून कागदाच्या पाकिटात काढा आणि लवकरात लवकर स्कॅन करून घ्या. दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नका.