‘एकक : लाख’ हे बरोबर का?

डिचोलीच्या एका वाचक भगिनी तालुकावार आकडेवारीचे इंग्रजी तक्ते मराठीत आणत आहेत. त्या विचारतात, ‘युनिट’ या रकान्याला एकक म्हणावे, परिमाण की मात्रक? शिवाय त्या रकान्यात कुठे ‘लाख’, कुठे ‘टन’, कुठे ‘टक्के’ लिहिलेले सापडते. ही सगळी एककेच का?

पहिल्या प्रश्नाला फार वेळ नको. एकक. ‘मात्रक’ हिंदीतला आहे, तो तिथेच शोभतो. ‘परिमाण’ आपला जुना शब्द, पण तो कधी माप, कधी आकारमान, कधी नुसता ‘प्रमाण’ अशा अर्थाने येतो. तक्त्यात असा चंचल शब्द नको. वस्तुमानाचे एकक किलोग्रॅम, हे आपण शाळेतच घोकले आहे.

दुसरा प्रश्न मात्र खरा. लाख हे एकक नव्हे. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. तक्त्यात ती ‘१४.५९ लाख’ अशी येते तेव्हा मोजली जातात ती माणसे, म्हणून एकक ‘व्यक्ती’. लाख हा गुणक. ‘एकक, दशक, शतक’ म्हणत मोठे झालेल्या आपल्याला तर एककाच्या घरात लाख बसलेला पाहून हसूच यायला हवे. सांख्यिकी संस्था आपसांत आकडे देताघेताना एसडीएमएक्स नावाचा आंतरराष्ट्रीय साचा वापरतात. त्यात एककाचा रकाना वेगळा आणि गुणकाचा वेगळा. गुणकाच्या रकान्यात दहाचा घात लिहितात: हजाराला ३, दशलक्षाला ६. त्याच हिशेबाने आपला लाख ५ आणि कोटी ७.

गंमत अशी की बाजारात गुणकच एकक होऊन बसला आहे. ‘किलो’ म्हणजे फक्त हजार. पण ‘किलोभर बांगडे’ मागणाऱ्याला कुणी ‘हजार काय?’ असे विचारत नाही. बोलण्यात हे चालेल, तक्त्यात नाही. टक्क्यांचेही तसेच: कशाचे टक्के, हे लिहिले नाही तर तो आकडा अधांतरी.

आता नाव तेच पण माप वेगळे, हा खरा घोळ. आमच्या माळ्यावर आजीच्या वेळचा कुडव अजून आहे, भात मोजायचा. गोव्यात वीस कुडवांची खंडी. घाटावर खंडी वीस मणांची. धनगराकडे खंडी म्हणजे वीस मेंढरे. म्हणजे वीस तेवढे सगळीकडे कायम, पण एकीकडे आकारमान, दुसरीकडे वजन, तिसरीकडे नुसती मोजदाद. आणि कुडव? वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत कुडव म्हणजे अंजली, चार कुडवांचा एक प्रस्थ. आजीचा कुडव ओंजळीत मावणारा नव्हता! जुन्या नोंदीतला ‘५ खंडी’ हा आकडा उतरवताना कुठली खंडी, हे शेजारी लिहिले नाही तर तो आकडा वाया गेला.

जुन्याच मापांचे हे दुखणे आहे असेही नाही. पावसाने ‘शतक’ ठोकल्याची बातमी गोव्यातल्या वर्तमानपत्रांत दर वर्षी येते. ते शतक इंचांचे. हवामान खात्याचे तक्ते मिलिमीटरमध्ये. १०० इंच म्हणजे २५४० मिलिमीटर, पण दोन्हीकडचे आकडे एकाच स्तंभात पडले तर वाळपईचा पाऊस पंचवीसपट आटतो. खनिजाचा टनही साधा नाही. मेट्रिक टन १००० किलो, ब्रिटिश टन सुमारे १०१६, अमेरिकी सुमारे ९०७. शिवाय लोहखनिजाच्या व्यवहारात ओलाव्यासकट टन वेगळा आणि ओलावा वजा करून टन वेगळा. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या ढिगाऱ्याला हा फरक लहान नाही.

म्हणून आकडेवारीचे लोक एककाला नुसते नाव देऊन थांबत नाहीत, त्याचा दुवा जोडतात. ‘दुवा’ हाच शब्द मी सुचवीन. एककाला जाळ्यावर, म्हणजे इंटरनेटवर, कायमचा पत्ता असतो. तिथे ते कोणत्या राशीचे (लांबी, वस्तुमान, आकारमान) आणि इतर एककांत किती, हे नोंदलेले असते. विकिडेटा या सर्वांना खुल्या माहितीकोशात किलोग्रॅमचा क्रमांक क्यू११५७० आहे. तुम्ही ‘किलोग्रॅम’ लिहा, ‘किग्रॅ’ लिहा, पोर्तुगीजांच्या वेळच्या कागदातला ‘किलु’ ठेवा. पत्ता एकच राहिला की यंत्र गोंधळत नाही. आकड्यांचे तक्ते जाळ्यावर मांडायचा डेटा क्यूब हा नमुना जाळ्याची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने २०१४ साली मान्य केला. त्यातही एकक सगळ्या संचाला एकदाच जोडता येते किंवा एकेका नोंदीला. इंच-मिलिमीटरची सरमिसळ असेल तर प्रत्येक नोंदीला जोडलेले बरे.

तेव्हा एका ‘युनिट’च्या जागी चार रकाने करा: राशी, एकक, गुणक, दुवा. एकक नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘एकके’. खंडीसारखे स्थानिक माप आले तर एककात ‘खंडी (गोवा, २० कुडव)’ असे लिहा, आणि राशीच्या रकान्यात ‘आकारमान’ लिहायला विसरू नका. नाहीतर घाटावरचा कुणी वाचक ती मणांत मोजत बसेल.